पटावरचे वय, बर्फावरचे वय

१९७६ साली भारताची महिला बुद्धिबळ विजेती १३ वर्षांची होती. रोहिणी खाडिलकर, गिरगावातल्या ‘नवाकाळ’वाल्या खाडिलकरांची धाकटी मुलगी. तिच्या दोनच वर्षे आधी, १९७४ साली, महिलांची राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा बंगळूरला भरली. ती जिंकली थोरल्या वासंतीने, आणि तीही तेव्हा १३ वर्षांचीच होती. मधली जयश्री पुढे चारदा राष्ट्रीय विजेती झाली आणि १९७९ साली महिला इंटरनॅशनल मास्टर हा किताब मिळवणारी पहिली भारतीय ठरली. स्पर्धेची पहिली दहा वर्षे विजेतेपद या एका घराचा उंबरठा ओलांडून बाहेर गेलेच नाही. वडील नीळकंठ खाडिलकर अग्रलेख लिहीत आणि मुली पटावर मोठ्या वयाच्या खेळाडूंना हरवत. भारतात महिलांचे स्पर्धात्मक बुद्धिबळ सुरू झाले तेच मुळी शाळकरी मुलींच्या हातून.

त्या काळी कोणी ‘या फार लहान आहेत, यांना मोठ्यांत खेळू देऊ नका’ असे म्हटल्याची नोंद नाही. आडकाठी आली ती वेगळ्याच ठिकाणी. रोहिणी त्याच १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तसे करणारी ती पहिली मुलगी, आणि गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून कोणालाही बाई आहे म्हणून अडवता येणार नाही. यूवे स्वतः १९३५ ते १९३७ जगज्जेते होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला खेळाडूंतही वजन होते. म्हणजे १३ वर्षांच्या मुलीने मोठ्या बायकांना हरवलेले सगळ्यांना चालत होते. तिने पुरुषांसमोर बसणे मात्र खटकत होते.

आता याच्या अगदी उलट टोकाचा खेळ घेऊ. जून २०२२ मध्ये थायलंडमधल्या फुकेत इथे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाची परिषद भरली. बर्फावरच्या फिगर स्केटिंगच्या मोठ्यांच्या स्पर्धांत उतरण्याचे किमान वय १५ वरून १७ करावे, असा प्रस्ताव तिथे मांडला गेला. १०० मते बाजूने पडली, १६ विरुद्ध. एक वर्ष १६चा टप्पा ठेवून २०२४-२५च्या हंगामापासून १७ची अट लागू झाली. मुलींनी बायकांना हरवणे तिथे इतके नित्याचे झाले होते की दार लोटून घ्यावे लागले.

एकाच प्रकारची घटना, लहान मुलीने मोठीला हरवण्याची. एका खेळात तिचे कौतुक होते आणि दुसऱ्यात तिच्याविरुद्ध नियम होतो. मला हा फरक योग्य वाटतो. लहान मुलगी बर्फावर जे घेऊन येते ते आणि पटावर जे घेऊन येते ते, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ‘बालप्रतिभा’ म्हणून आपण दोन्हींवर एकच शिक्का मारतो, आणि घोळ तिथून सुरू होतो.

पिंपळगाव बसवंतला बसून बर्फावरच्या खेळाची चिंता कशाला, असे कोणी विचारील. आमच्या निफाड तालुक्यात गोठण्याचा प्रश्न येतो तो द्राक्षांच्या संदर्भात. डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येतो, आणि बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. बर्फाची ऑलिम्पिक मापाची बंदिस्त रिंक म्हणाल तर ती डेहराडूनला, घरून दीड हजार किलोमीटरच्या आसपास. पण चाकांचे स्केट्स पायात बांधलेली पाच-सहा वर्षांची पोरे आता आमच्याकडेही संध्याकाळी दिसतात. कोणी जिम्नॅस्टिक्सला जाते, कोणी मल्लखांबाला, कोणी बुद्धिबळाच्या क्लासला. पोरीला पाचव्या वर्षी कशात घालायचे हा निर्णय आईबाप एका संध्याकाळी घेऊन टाकतात. त्या खेळात वय कोणाच्या बाजूने आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

फिगर स्केटिंगमधली उडी बघायला जादूची वाटते, पण तिचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. खेळाडू बर्फावरून साधारण अर्धा मीटर उंच उडते. तेवढ्या उंचीत तिला हवेत मिळतो सुमारे ०.६ ते ०.७ सेकंद. त्यात तीन गिरक्या घ्यायच्या की चार, हा सगळा झगडा. चार गिरक्यांची उडी, जिला ते लोक ‘क्वाड’ म्हणतात, ती पुरी करायला सेकंदाला पाचाहून जास्त गिरक्यांचा वेग लागतो. एकदा पाय सुटले की बाहेरून गती मिळत नाही. जेवढा कोनीय संवेग घेऊन उडाली तेवढाच शिल्लक. मग वेग वाढवण्याचा एकच मार्ग उरतो, हात छातीशी घट्ट आवळून अंग अक्षाजवळ आणायचे. वस्तुमान अक्षापासून जितके लांब तितका फिरण्याला विरोध जास्त, आणि हा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. खांदे-कंबर १० टक्क्यांनी रुंद झाली, वजन तेवढेच राहिले, तरी विरोध २१ टक्क्यांनी वाढतो. प्रत्यक्षात वजनही वाढतेच.

१२-१३ वर्षांच्या सडपातळ मुलीचे शरीर या गणितात आयतेच बसते. दोन-तीन वर्षांत उंची वाढते, बांधा भरतो, आणि तीच मुलगी, तोच सराव, तेच कौशल्य असताना उडी अर्ध्या गिरकीने कमी पडायला लागते. तिची मेहनत कमी झालेली नसते, फक्त ती वयात आलेली असते.

हे समजायला बर्फापर्यंत जायचीही गरज नाही. आधुनिक मल्लखांबाचे जनक मानले जाणारे बाळंभटदादा देवधर मूळचे आमच्याच तालुक्यातल्या कोठुऱ्याचे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी त्यांनी ही विद्या नावारूपाला आणली. मुली जो दोरीचा मल्लखांब करतात त्यात आपलेच वजन आपल्याच हातापायांनी उचलायचे असते. स्नायूचे बळ त्याच्या आडव्या छेदावर, म्हणजे क्षेत्रफळावर अवलंबून असते. वजन अवलंबून असते घनफळावर. अंग सर्व बाजूंनी १० टक्क्यांनी वाढले तर बळ २१ टक्क्यांनी वाढते आणि वजन ३३ टक्क्यांनी. म्हणूनच छोटी पोर दोरीवर सरसर चढते आणि तिला शिकवणाऱ्या ताईला तेच करायला खास ताकद कमवावी लागते. मल्लखांबात वयोगट आहेत, त्यामुळे हा फरक तिथल्या तिथे मिटतो.

स्केटिंगमध्ये लहान मुली मोठ्यांत खेळण्याची रीत मात्र जुनी आहे. १९२४च्या शामोनी ऑलिम्पिकमध्ये नॉर्वेची सोन्या हेनी ११ वर्षांची होती आणि आठ जणींत शेवटची आली. चार वर्षांनी, १५व्या वर्षी, तिने सुवर्ण जिंकले. १९३२च्या लेक प्लॅसिडला ब्रिटनच्या सेसिलिया कॉलेज आणि मेगन टेलर दोघीही ११ वर्षांच्या होत्या. पण तेव्हा उड्या एक-दोन गिरक्यांच्या होत्या, आणि बर्फावर ठरलेल्या आकृत्या अचूक कोरण्याला मोठे महत्त्व होते. फिगर हे नाव त्यावरूनच आले. त्या कोरीव कामात मोठी बाई मागे पडत नसे. सक्तीच्या आकृत्या १९९० नंतर स्पर्धेतून गेल्या, आणि उड्यांचे राज्य आले.

१९९६च्या सुमारास १५ वर्षांची अट आली, पण अमेरिकेची टारा लिपिन्स्की आधीच मोठ्यांत खेळलेली असल्याने तिला सूट मिळाली. ती १९९७ साली १४व्या वर्षी जगज्जेती झाली आणि १९९८च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये १५व्या वर्षी तिने मिशेल क्वानला मागे टाकले. क्वान तरी कुठे मोठी होती, १७ वर्षांची! या खेळात ‘अनुभवी’ कोणाला म्हणायचे याचा अंदाज यावरून यावा. उलट उदाहरण जपानच्या माओ असादाचे. डिसेंबर २००५ मध्ये तिने ग्रां प्री फायनल जिंकली, जगातल्या सगळ्या चांगल्या खेळाडूंना हरवून, पण दोन महिन्यांनी तुरिनच्या ऑलिम्पिकला जाता आले नाही. वयात ८७ दिवस कमी पडले. तिथे सुवर्ण मिळाले तिच्याच देशाच्या शिझुका अराकावाला, वय २४.

खरी उलथापालथ झाली ती गुणपद्धतीमुळे. पूर्वी परीक्षक सहापैकी गुण देत आणि त्यांवरून क्रम लागे. २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये परीक्षकांच्या साट्यालोट्याचे प्रकरण गाजले आणि ती पद्धत मोडीत निघाली. नव्या पद्धतीत प्रत्येक उडीला ठरावीक भाव आहे. तिहेरी लुट्झला ५.९, चौपट लुट्झला ११.५. वर उडी किती सफाईने केली त्यावरून उणे ५ ते अधिक ५ अशी श्रेणी लागते आणि गुण कमी-जास्त होतात. पारदर्शक म्हणून ही पद्धत चांगलीच. पण तिने बाजारभाव जाहीर केला. एक गिरकी वाढली की भाव जवळजवळ दुप्पट, आणि ती जादा गिरकी सर्वांत सहज मिळते कोणाला, तर अजून न वाढलेल्या शरीराला. आमच्याकडे लिलावात भाव कळला की पुढच्या हंगामात सगळे तेच पीक लावतात. मॉस्कोतल्या एतेरी तुतबेरिद्झे या प्रशिक्षिकेने तेच केले.

त्यांच्या शिष्या एकामागून एक आल्या. २०१४च्या सोचीत १५ वर्षांची युलिया लिपनित्स्काया रशियाच्या सांघिक सुवर्णात होती. २०१८च्या प्योंगचांगमध्ये १५ वर्षांच्या अलिना झागितोव्हाने आपल्याच तालमीतल्या १८ वर्षांच्या येवगेनिया मेदवेदेवाला हरवले. दीर्घ कार्यक्रमात दोघींचे गुण दशांशापर्यंत सारखे होते, १५६.६५. फरक राहिला छोट्या कार्यक्रमातल्या आघाडीचा. झागितोव्हाने आपल्या सगळ्या उड्या कार्यक्रमाच्या उत्तरार्धात ठेवल्या होत्या, कारण दमल्यावर मारलेल्या उडीला १० टक्के जास्त गुण होते. नियमात बसत होते म्हणून केले, आणि पुढच्याच हंगामात नियम बदलला. त्याच २०१८ साली अलेक्झांड्रा ट्रुसोव्हाने १३व्या वर्षी ज्युनियर जागतिक स्पर्धेत चौपट उड्या मारल्या. २०२२च्या बीजिंगमध्ये तिने एका कार्यक्रमात पाच क्वाड मारले आणि तरी ती दुसरी आली. पहिली आली अ‍ॅना शेरबाकोव्हा, तीही त्याच तालमीतली.

या यादीची दुसरी बाजू वाचायला जड जाते. लिपनित्स्कायाने १९व्या वर्षी खेळ सोडला, आणि भूक मारणाऱ्या आजाराशी झगडत असल्याचे सांगितले. झागितोव्हा ऑलिम्पिक आणि जागतिक अशी दोन्ही सुवर्णे मिळवून १७व्या वर्षी स्पर्धेतून बाजूला झाली. आणि बीजिंगमध्येच १५ वर्षांच्या कामिला वालिएव्हाच्या आधीच्या चाचणीत ट्रायमेटाझिडीन हे हृदयरोगावरचे औषध सापडल्याचे जाहीर झाले. वय १६च्या आत, म्हणून ती नियमाने ‘संरक्षित’. म्हणून तिला खेळू दिले. साऱ्या जगाच्या नजरा अंगावर घेऊन ती बर्फावर पुन्हा पुन्हा पडली आणि चौथी आली. २०२४च्या जानेवारीत क्रीडा लवादाने तिच्यावर चार वर्षांची बंदी घातली. मोठ्यांच्या स्पर्धेत मोठ्यांसारखे खेळायचे, पण जबाबदारीच्या वेळी मूल ठरायचे, या विसंगतीतून कोणताही न्याय धड निघत नव्हता. फुकेतची परिषद बीजिंगनंतर चार महिन्यांनी भरली. प्रस्ताव त्याआधीपासून चर्चेत होता, पण बीजिंगनंतर त्याला विरोध करणे अवघड झाले असणार.

वयाची अट आली त्या काळात काय झाले? जपानची काओरी साकामोतो २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे जगज्जेती झाली. तिच्याकडे क्वाड नाही, साडेतीन गिरक्यांची तिहेरी अ‍ॅक्सलही नाही. आहे तो वेग, लांबलचक तरंगत जाणारी उडी आणि स्केटच्या धारेवरची हुकमत, जी कमवायला वर्षे लागतात. अर्थात रशियन खेळाडूंवर मार्च २०२२ पासून बंदी होती हेही विसरता येत नाही. सगळे श्रेय नियमाला देणे खरे नव्हे.

मला जास्त बोलकी वाटते ती अलिसा लिऊ. २०१९ साली ही १३ वर्षांची मुलगी अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली, आजवरची सर्वांत लहान. इतकी चिमुकली की बाजूच्या दोघींनी हात देऊन तिला विजेतीच्या चौथऱ्यावर चढवले. २०२२ साली, १६व्या वर्षी, तिने ‘झाले आता’ म्हणून खेळ सोडला. दोन वर्षे कॉलेज, मैत्रिणी, भटकंती. २०२४ मध्ये स्वतःहून परत आली. आपले संगीत आपण निवडणार, आपले खाणे आपण ठरवणार, या बोलीवर. मार्च २०२५ मध्ये बॉस्टनला ती जगज्जेती झाली, तेही क्वाड न मारता, साकामोतोला मागे टाकून. १३व्या वर्षी तिच्याकडे जे होते त्यातले बरेचसे १९व्या वर्षी नव्हते, आणि तरी ती जास्त चांगली खेळाडू होती.

आता पटाकडे वळू. तिथे शरीराचा हा हिशेब लागूच होत नाही. मग लहान मूल मोठ्याला हरवते ते कशाच्या जोरावर?

सामान्य समजूत अशी की बुद्धिबळपटू दहा-दहा चाली पुढचे पाहतो, त्याची स्मरणशक्ती अफाट असते, तो जन्मजात गणिती असतो. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोघांनी या समजुतीची परीक्षा घेतली. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची, मग रिकाम्या पटावर मांडायला सांगायचे. मास्टरने बहुतेक मोहरे जागच्या जागी ठेवले, नवशिक्याला चार-पाच आठवले. मग तेच मोहरे वाटेल तसे विखरून पुन्हा परीक्षा घेतली, तर मास्टर आणि नवशिक्या यांच्यातला फरक जवळजवळ मिटला. म्हणजे स्मरणशक्ती सर्वसाधारणच होती. मास्टरला दिसत होते ते सुटे मोहरे नव्हे, ओळखीचे घोळके. किल्लेकोट केलेला राजा आणि त्यापुढची तीन प्यादी, एकाच रेषेत उभे दोन हत्ती, असे. सायमन यांना पुढे, १९७८ साली, अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

आमच्या विषयाला नेमका लागू पडणारा प्रयोग त्याच १९७८ साली मिशेलिन ची या संशोधिकेने प्रसिद्ध केला. त्यांनी एका बाजूला साधारण दहा वर्षांची बुद्धिबळ खेळणारी मुले घेतली आणि दुसऱ्या बाजूला खेळात फारशी गती नसलेली मोठी माणसे. आकड्यांची रांग लक्षात ठेवायला सांगितली तेव्हा अपेक्षेप्रमाणे मोठे जिंकले. पटावरची स्थिती लक्षात ठेवायला सांगितली तेव्हा मुले जिंकली. मेंदूची वाढ पुरी झालेली नसतानाही एखाद्या विषयातला साठा मोठ्यांपेक्षा मोठा असू शकतो. पाचव्या वर्षी सुरू केलेल्या १३ वर्षांच्या मुलीकडे आठ वर्षांचे डाव असतात. विशीत सुरू करून तिशीला आलेल्या बाईकडे दहा वर्षांचे असतील, पण नोकरी-घर सांभाळून उरलेल्या वेळातले. रोहिणी आणि तिच्या बहिणींच्या घरात तर सरावाला जोडीदार शोधायलाच नको, जेवणाच्या ताटावर भेटत होते.

बर्फावरची भांडवली रक्कम म्हणजे शरीर, ती वाढत्या वयाबरोबर आटते. पटावरची रक्कम म्हणजे ओळखीच्या स्थितींचा साठा, तो वयाबरोबर वाढतच जातो. मोठेपणी थकवा लवकर येतो, घड्याळाच्या शेवटच्या मिनिटांत हात कापतो, हे खरे. पण साठा रिकामा होत नाही. म्हणून बुद्धिबळाला वयाची अट लागत नाही आणि लागू नये. मुलांच्या स्पर्धांचे वयोगट आहेतच, पण ती लहानांची सोय आहे. मोठ्यांच्या स्पर्धेचे दार कोणाच्याही जन्मतारखेवरून बंद होत नाही.

तरीही मोठ्या खेळाडूंचे एक गाऱ्हाणे रास्त आहे, आणि नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही खुल्या स्पर्धेत ते ऐकायला मिळेल. ते आहे रेटिंगचे. समजा २००० रेटिंगच्या काकांसमोर १६०० रेटिंगची मुलगी बसली. ४०० गुणांच्या फरकाला महासंघाच्या कोष्टकात अपेक्षा आहे ०.९२, म्हणजे शंभर डावांत काकांनी ९२ गुण मिळवायला हवेत. डाव बरोबरीत सुटला तर काकांना ०.५ मिळाले, ०.४२ कमी पडले. त्यांचा गुणक २०, म्हणून ८.४ गुण गेले. मुलीचा गुणक ४०, कारण १८ वर्षांखालच्या आणि २३०० पेक्षा कमी रेटिंगच्या खेळाडूंना तो तेवढा असतो. तिला १६.८ मिळाले. गुणक दुप्पट ठेवण्याचे कारण हेच की मुलांची ताकद रेटिंगपेक्षा वेगाने वाढते. तिचा कागदावरचा आकडा १६०० असतो, पण तो सहा महिन्यांपूर्वीच्या मुलीचा. आज समोर बसलेली कदाचित १८००ची असते. काकांचे नुकसान होते ते या दोन तारखांमधल्या अंतरामुळे. दुप्पट गुणकानेही हे अंतर पुरते भरत नाही, आणि काकांचा त्रागा मला समजतो. पण त्यावर इलाज गणितात शोधावा लागेल, मुलीला बाहेर ठेवून नव्हे.

मोठ्या पातळीवर हा वयाचा खेळ पाहायचा तर जॉर्जियाकडे पाहावे. १९६२ साली २१ वर्षांच्या नोना गाप्रिंदाश्विलीने ४८ वर्षांच्या एलिझावेता बायकोव्हाला हरवून जागतिक विजेतेपद घेतले. सोळा वर्षे ते तिच्याकडे होते. १९७८ साली नोना ३७ वर्षांची असताना तिच्याच देशाची १७ वर्षांची माया चिबुर्दानिद्झे आली आणि मुकुट घेऊन गेली. १९९१ साली मायाला हरवले चीनच्या शिए जुनने, वय २०. नोनाचा खेळ मात्र १९७८ मध्ये संपला नाही. त्याच वर्षी तिला ग्रँडमास्टर हा पुरुष खेळाडूंच्या बरोबरीचा किताब मिळाला, असा मान मिळालेली ती पहिली महिला. पुढे ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धाही तिने अनेकदा जिंकल्या. हरलेल्या विजेतीला अशी पुढची चाळीस वर्षे स्केटिंगमध्ये मिळत नाहीत.

त्याच जॉर्जियातल्या बाटुमी शहरात जुलै २०२५ मध्ये महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी दोन भारतीयांत झाली. एका बाजूला नागपूरची दिव्या देशमुख, १९ वर्षांची. स्पर्धेत उतरताना तिच्याकडे ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म नव्हता. वाटेत तिने चीनची झू जिनेर, आपली हरिका द्रोणवल्ली आणि माजी जगज्जेती तान झोंगयी यांना बाद केले होते. या मुलीची वाट वयोगटांतूनच आलेली, १० वर्षांखालची जगज्जेती २०१४ मध्ये, १२ वर्षांखालची २०१७ मध्ये, २० वर्षांखालची २०२४ मध्ये. त्याच २०२४च्या सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारतीय महिला संघाला सुवर्ण मिळाले, त्यात तिसऱ्या पटावर तिचे वैयक्तिक सुवर्ण होते.

दुसऱ्या बाजूला कोनेरू हंपी, ३८ वर्षांची, बरोबर दुप्पट वयाची. तिची गोष्टही अशीच सुरू झाली होती. १० वर्षांखालची जगज्जेती १९९७ मध्ये, १२ खालची १९९८ मध्ये, १४ खालची २००० मध्ये. २००२ साली १५ वर्षे १ महिना वयाला ग्रँडमास्टर होऊन तिने युदित पोल्गारचा महिलांतला विक्रम मोडला. तेव्हा मोठ्या बायकांना धडकी भरवणारी पोर तीच होती. मग संसार, २०१७ मध्ये मुलगी झाली, दोनेक वर्षे खेळापासून लांब. २०१९ मध्ये मॉस्कोला जागतिक जलद स्पर्धा जिंकून ती परतली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. जलद बुद्धिबळ हा तरुणांचा प्रकार मानला जातो, तिथे ३७व्या वर्षी.

बाटुमीत नेहमीच्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डावांवर आले. पहिला बरोबरीत गेला, दुसऱ्यात वेळेच्या ओढाताणीत हंपीकडून चूक झाली आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणारी दिव्या जिंकली. विश्वचषकासोबत तिला ग्रँडमास्टर किताब थेट मिळाला. भारताची ८८वी ग्रँडमास्टर, आणि हंपी, हरिका, वैशाली यांच्यानंतरची चौथी महिला. खुर्चीवर बसल्या बसल्याच तिला रडू कोसळले, नंतर ती आईच्या गळ्यात पडली. स्पर्धेतल्या पहिल्या तिघींना जागतिक विजेतेपदाच्या आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत जागा होती. त्यामुळे हरलेली हंपीही त्या दिवशी कँडिडेट्ससाठी पात्र ठरलेलीच होती.